वीस थेंब म्हणजे किती

पाच नंबरच्या खाटेवरची बाटली दोन वाजून पंचवीस मिनिटांनी संपली. ती साडेचारला संपायला हवी होती.

तन्वी स्टँडपाशी उभी होती. तन्वी आमच्या वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर, नोकरीला लागून चार महिने झालेली. मला बघितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी आत्ता दोनलाच थेंब मोजले. वीसच पडत होते."

मी बाटलीकडे बघितलं. सलाईनच्या बाटलीवर आम्ही एक उभी कागदी पट्टी चिकटवतो. त्यावर तासातासाच्या खुणा करतो, म्हणजे कोणत्या वेळी पाणी कुठवर उतरायला हवं ते लांबूनही दिसतं. तन्वीने पट्टी नीट लावली होती. सगळ्यात खाली तिच्या टापटीप अक्षरात 'साडेचार' लिहिलेलं होतं. पाणी मात्र ती खूण ओलांडून गेलं होतं.

मी मालवणातल्या एका चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं नर्स आहे. गेली नऊ वर्षं मेडिकल वॉर्डची इन्चार्ज. बाटली लवकर संपणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट नव्हती. पण त्या दिवशी त्या खाटेवर जो माणूस होता, त्याला ते परवडणारं नव्हतं.

त्यांना आम्ही गवसकाका म्हणत होतो. वय एकाहत्तर. मूळचे दोडामार्गकडचे. एसटीत नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली याची नोंद ठेवणारा माणूस. देवबागला मुलीकडे चार दिवस राहायला आले आणि उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. आदल्या संध्याकाळी मुलीने रिक्षात घालून आणलं तेव्हा जीभ कोरडी पडलेली, नाडी धावत होती.

साधा पेशंट असता तर दोन बाटल्या भराभर दिल्या असत्या. पण काकांना चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. अशा माणसाच्या शरीरात पाणी कमी पडलं तरी पंचाईत आणि थोडं जास्त झालं तरी पंचाईत. जास्तीचं पाणी पुढे ढकलायला हृदय कमी पडतं आणि ते फुफ्फुसांत साचायला लागतं. म्हणून डॉक्टर केळुसकरांनी ऑर्डर लिहिली होती : तासाला साठ एमएल, त्याहून जास्त नाही. बाटली पाचशे एमएलची. म्हणजे एक बाटली आठ तास वीस मिनिटं चालायला हवी.

"काका, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरा आसा," ते म्हणाले. मग खोकले. "आडवो झालंय काय जरा दम लागता. बसलंय की बरा वाटता."

आडवं झाल्यावर दम लागणं ही फुफ्फुसांत पाणी साचत असल्याची खूण. आम्ही खाटेचं डोकं वर केलं, ऑक्सिजन लावला, नळी बंद केली आणि डॉक्टरांना बोलावलं. ते ओपीडी सोडून आले. पाठीला स्टेथो लावून दोन्ही बाजूंना खालपर्यंत ऐकलं.

"तळाला करकर आहे," ते हलक्या आवाजात मला म्हणाले. "पाणी भरायला लागलंय. आत्तापर्यंत किती गेलं?"

चार्ट बघितला. आदल्या संध्याकाळपासून तिसरी बाटली संपली होती. दीड लिटर. जायला हवं होतं सव्वा लिटरच्याही आत. आधीच्या दोन बाटल्याही लवकरच संपल्या होत्या, पण ते कोणी वेळेशी ताडून बघितलं नव्हतं.

लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं. डॉक्टर खाटेपासून दोन पावलं लांब आले आणि म्हणाले, "चाक कोणी फिरवलं?"

नळीवर एक छोटं दातेरी चाक असतं. ते वरखाली केलं की थेंब कमीजास्त होतात. आमच्याकडे चाक फिरवायची नातेवाइकांना फार हौस. कोणाला शेवटची एसटी गाठायची असते, कोणाला घरी म्हशीचं दूध काढायचं असतं. 'सलाईन लवकर संपली काय डिस्चार्ज लवकर मिळता' असा एक समज आहे, तो कुठून आला देव जाणे. एकदा तर एका माणसाने वडिलांची सलाईन अर्ध्या तासात संपवली आणि वर मला म्हणाला, तुमची नळी तुंबलेली होती, मी मोकळी करून दिली.

त्यामुळे माझी नजर सरळ गवसकाकींवर गेली. त्या काकांच्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या. रात्रभर त्याच होत्या तिथे.

"काकी, चाकाला हात लावलात का?"

"नाय ओ."

"खरं सांगा. रागावणार नाही मी. पण काकांच्या जिवाशी खेळ आहे हा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी हात लावक नाय," त्या म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला वाटलं, लावला असणार. सव्वीस वर्षांत हेच बघितलंय.

पण काका बोलले. ऑक्सिजनचा मास्क एका हाताने थोडा वर उचलून त्यांनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, तिच्यार आळ घेव नकात. माझ्या शर्टाच्या खिशात वही आसा, ती काढा."

खुंटीवरच्या शर्टात बोटभर जाडीची वही होती. त्यात पेन्सिलीने तीन ओळी.

'संध्या. ७.४० – रात्री १.५५. रात्री १.५५ – सकाळी ८.१०. सकाळी ८.१० – दु. २.२५.'

"हे काय काका?"

"तुमच्या बाटल्यो. सवय लागली हा ना. झोप खंय लागता हय. पट्टेर साडेचार लिवलेला दिसला म्हणान बघीत होतंय, गाडी टायमार येता काय." ते थांबले, श्वास घेतला. "तीनय गाड्यांक सव्वासा तास लागले. मिनिट इकडे नाय की तिकडे नाय."

"काका, बोलू नका आता."

"एकच सांगतंय. कोणी चाक फिरयल्यान असता तर एक गाडी पाच तासांत इली असती, एक सात तासांत. माणूस गडबड करता तेव्हा सारखी करीत नाय."

मी वही हातात घेऊन उभी राहिले. संतापाऐवजी मला एकदम कुतूहलच वाटायला लागलं. माणूस बरोबर बोलत होता. तीन बाटल्या, तीन वेगवेगळ्या शिफ्टच्या सिस्टर आणि तिन्ही वेळा सव्वासहा तास. थेंब मोजले तर वीस. हिशोबात कुठेतरी काहीतरी चुकत होतं आणि दर वेळी सारखंच चुकत होतं.

मी तन्वीला बाजूला घेतलं. "तू मोजलेस कसे?"

"घड्याळ लावून मॅडम. पूर्ण एक मिनिट. तासाला साठ एमएल, तीनाने भागलं, वीस थेंब. तुम्ही शिकवलंत तसंच."

हिशोब बरोबर होता. तासाला जितके एमएल द्यायचे त्याला तीनाने भागायचं, की मिनिटाला किती थेंब पाडायचे ते मिळतं. हे सूत्र मी वॉर्डात आलेल्या प्रत्येक मुलीकडून पाठ करून घेते. साठ भागिले तीन, वीस.

मग मी एकेक शक्यता काढायला लागले.

पहिली, बाटलीतच पाणी कमी असेल. त्याच बॉक्समधली सीलबंद बाटली उघडली आणि मापाच्या भांड्यात ओतली. पाचशे पूर्ण होते, वर थोडं जास्तच.

दुसरी, हाताची हालचाल. सुई मनगटापाशी असली की हात वाकवल्यावर सलाईन मंदावते, सरळ केल्यावर जोरात जाते. तन्वीने हात वाकलेला असताना मोजले असतील तर? पण काकांची सुई कोपर आणि मनगटाच्या मधोमध होती, वाकण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय तसं असतं तर तिन्ही वेळा सारखा फरक पडला नसता.

तिसरी, स्टँडची उंची. स्टँड उंच केला की जोर वाढतो. पण जोर वाढला तर थेंबही वाढले असते, आणि थेंब तर वीसच होते.

म्हणजे मोजणी बरोबर, बाटली बरोबर, हात बरोबर. उत्तर चूक.

तेवढ्यात माझ्या मनात दुसरीच गोष्ट आली आणि कुतूहल बाजूला राहिलं. हा प्रकार पाच नंबरपुरताच आहे की आणखी कुठे?

मी तडक दोन नंबरकडे गेले. तिथे एक पस्तिशीची बाई होती. उलट्यांनी तिच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं, म्हणून बाटलीत पोटॅशियमचं इंजेक्शन मिसळून ते सावकाश चाललं होतं. पोटॅशियम हा शरीराला लागणारा क्षार आहे, पण शिरेतून देताना आम्ही त्याला सगळ्यात जास्त घाबरतो. ते जोरात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. म्हणून त्या बाटलीवर लाल पट्टी असते आणि दोन सिस्टर मिळून ती लावतात.

बारा वाजता लावलेली. तासाला शंभर एमएल, म्हणजे पाच वाजता संपायची. मी गेले तेव्हा सव्वातीन वाजले होते. बाटलीत पावणेदोनशे एमएल शिल्लक असायला हवे होते. होते जेमतेम सत्तर.

मी चाक बंद केलं. बाईच्या नाडीवर हात ठेवला. नियमित होती. "छातीत धडधडतंय का? हातापायाला मुंग्या?"

"नाय. हात थोडो चुरचुरता."

मॉनिटर आणायला लावला, ईसीजी काढला. डॉक्टर परत आले. ईसीजी ठीक होता. डोस मुळातच हलका ठेवलेला होता, त्यामुळे वेग वाढूनही तो धोक्याच्या रेषेच्या आत राहिला. हे नशीब. याला मी आमची काळजी म्हणणार नाही.

"इथेही?" डॉक्टर म्हणाले.

"इथेही. आणि चार नंबरची बाटली बघून आले, ती अगदी वेळेवर आहे."

"मग पंपावर लावा सगळ्यांना." पंप म्हणजे थेंब न मोजता ठरलेला वेग राखणारं मशीन. आमच्याकडे असे दोनच. एक आयसीयूत गुंतलेला, दुसरा दुरुस्तीला कुडाळला गेलेला. डॉक्टरांनाही ते माहीत होतं. "शोधून काढा सिस्टर," ते म्हणाले. "आजच."

मी पाच नंबरपाशी परत आले. काकांचा दम कमी होत होता, लघवी सुटली होती. रिकामी बाटली आणि नळी अजून स्टँडवरच होती. मी खुर्ची ओढून त्या नळीकडे बघत बसले. बाटलीच्या खाली बोटाएवढी पारदर्शक डबी असते, तिला ड्रिप चेंबर म्हणतात. तिच्यात थेंब पडताना दिसतात, तिथेच आम्ही मोजतो. मी त्या डबीकडे टक लावून बसले होते. जसं काही ती मला सांगणार होती.

चार वाजले. काकींनी पिशवीतून डोळ्यांत घालायच्या औषधाची छोटी बाटली काढली, मान मागे टाकली आणि एकेक थेंब डोळ्यांत सोडला. डोळे मिटूनच थोडा वेळ बसल्या. मग डोळे पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थेंब सगळे सारके नसतत ओ."

"काय म्हणालात?"

"ह्या औषध माका दोन वर्सा आसा. काचबिंदूचा. पैली बाटली महिनोभर पुरायची. गेल्या दोन खेपांक दुकानदारान दुसऱ्या कंपनीची दिल्यान. औषध ताच, बाटली येवडीच. पण तीन आठवड्यांत संपता. माका वाटला, मीच चुकान दोन थेंब घालतंय. म्हातारपण इला." त्यांनी ती बाटली माझ्यापुढे धरली. "मगे निरखून बघलंय. ह्या बाटलीचा तोंड रुंद आसा. थेंबच मोठो पडता."

मी ती बाटली हातात घेतली नाही. मी उठले आणि तन्वीला हाक मारली.

ड्रेसिंगच्या खोलीत आम्ही दोघींनी दार लावून घेतलं. दहा एमएलची सिरिंज घेतली, तिचा दट्ट्या काढला, टोकाला टोपी घातली आणि ती चिकटपट्टीने उभी चिकटवली. आता ती एक छोटं मापाचं भांडं झाली. वर नवी बाटली टांगली. सेटच्या कपाटातून एक पाकीट काढलं. आयव्ही सेट म्हणजे बाटलीपासून हातापर्यंतची ती पूर्ण नळी, चेंबर आणि चाकासकट.

"नळीच्या टोकाकडे बघू नकोस," मी तन्वीला म्हटलं. "चेंबरमधले मोज. मोठ्याने. मी सिरिंज बघते."

आमच्या सूत्रात वीस थेंब म्हणजे एक एमएल. म्हणजे दहा एमएल भरायला दोनशे थेंब लागायला हवेत. तन्वी मोजायला लागली. शंभरला मी तिला थांबवलं. शंभर थेंबांना पाच एमएल व्हायला हवे होते. पाणी साडेसहाच्या वर होतं.

"पुढे मोज."

"एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणपन्नास, एकशे पन्नास."

पाणी दहाच्या रेघेला टेकलं.

कपाटात मागे हात घालून मी आणखी एक पाकीट काढलं. दिसायला तसंच, निळ्या छपाईचं. पुन्हा टांगलं, पुन्हा मोजलं. या वेळी दहा एमएलला दोनशे थेंब लागले. एकदा पुन्हा केलं, एकशे अठ्ठ्याण्णव भरले. पहिल्या सेटचं पुन्हा केलं, दीडशेच.

दोन्ही पाकिटं कचऱ्याच्या डब्यातून काढून खिडकीपाशी उजेडात धरली. मी चष्मा लावला. तन्वीला चष्म्याशिवाय दिसलं. एकावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, वीस थेंबांचा एक एमएल. दुसऱ्यावर तितक्याच बारीक अक्षरात, पंधरा थेंबांचा एक एमएल.

एवढंच होतं. कोणी चाक फिरवलं नव्हतं. नव्या सेटच्या चेंबरमधलं तोंड जरा रुंद होतं, थेंब जाड पडत होता. आम्ही थेंब इमानदारीने मोजत होतो आणि प्रत्येक थेंबाबरोबर पेशंटला थोडं जास्त पाणी जात होतं. मिनिटाला वीस थेंबांत साठऐवजी तासाला ऐंशी एमएल. आठ तास वीस मिनिटांची बाटली सव्वासहा तासांत. काकांच्या वहीतला आकडा काट्यावर बसला. त्यांची नळी आदल्या संध्याकाळपासून एकच होती, फक्त बाटल्या बदलल्या होत्या, म्हणून तिन्ही वेळा फरक सारखा.

मी स्टोअरमध्ये फोन लावला. स्टोअर सांभाळणारे परबभाऊ लगेच वर आले. त्यांनी दोन्ही पाकिटं बघितली.

"नेहमीच्या कंपनीचे सेट मिळेनात गेल्या महिन्यात. सप्लायरने हे दिले. सेट तो सेट. माल चांगला आहे सिस्टर, डुप्लिकेट नाही."

"माल चांगलाच आहे भाऊ. पण थेंब वेगळा आहे."

"थेंबात पण प्रकार असतात?" त्यांनी मनापासून विचारलं.

त्यांना काय बोलणार. मला हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मुलांच्या वॉर्डात साठ बारीक थेंबांचा एक एमएल देणारे सेट असतात, तेही मला माहीत होतं. पण ते दिसायलाच वेगळे असतात. मोठ्यांच्या सेटमध्ये मी नोकरीत कायम वीसचेच वापरले होते. सव्वीस वर्षं एकच गोष्ट हाताखाली असली की ती वेगळी असू शकते हे डोक्यातून जातं.

आणि खरी मेख पुढे होती. परबभाऊ गेल्यावर तन्वी म्हणाली, "मॅडम, म्हणजे तीन हा आकडा यातूनच येतो ना?"

येतोच. तासाची मिनिटं साठ. वीस थेंबांचा एक एमएल. साठला वीसने भागलं की तीन. सेट पंधराचा असेल तर साठला पंधराने भागायचं, उत्तर चार. मग तीनाने नाही, चाराने भागायला हवं. काकांना वीस नाही, मिनिटाला पंधरा थेंब द्यायला हवे होते.

"मी रुजू झाले तेव्हा विचारलं होतं तुम्हाला," तन्वी म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे. "तीनच का म्हणून."

"मी काय सांगितलं?"

ती घुटमळली. "पाठ कर म्हणालात."

तसं मी म्हणाले असणार. मला आठवत नव्हतं, आणि ते न आठवणं जास्त लागलं.

त्या वेळी वॉर्डात अकरा जणांना सलाईन चालू होती. कोणाला कुठला सेट आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण पाकिटं सकाळच्याच कचऱ्यात गेलेली आणि कपाटात दोन्ही प्रकार एकत्र मिसळलेले. पाकीट हाताला लागलं ते फोडलं, असं चाललं होतं. म्हणून अकराच्या अकरा सेट बदलले. वाचून, एकेक पाकीट दोघींनी मोठ्याने वाचून, वीसचेच लावले. प्रत्येक बाटलीवर नवी पट्टी. साडेपाचपर्यंत आम्ही खाली बसलो नाही. संध्याकाळच्या शिफ्टच्या मुली आल्या त्यांनाही सिरिंज भरून दाखवली. एकीने स्वतः मोजून बघितलं, मग तिचा विश्वास बसला.

सहा वाजता मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. हॉस्पिटलचे प्रमुखही तेच. मी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"इन्सिडंट रिपोर्ट लिहायचा आहे," मी म्हटलं. चुकीची किंवा चुकता चुकता राहिलेली प्रत्येक गोष्ट लिहायची, असा एक फॉर्म आहे. तो बहुतेक वेळा कोराच असतो.

"लिहायलाच हवा?" ते म्हणाले. "गवसांना बरं वाटतंय. त्या बाईला काही झालेलं नाही. उगाच त्या मुलीच्या फाइलला लागेल. ड्यूटीवर तन्वी होती."

"तिचं नाव नाही लिहायचं. तिने सांगितलेलं बरोबर केलं. तीनाने भागायचं सूत्र मी शिकवलंय, माझं नाव लिहायचं."

"सिस्टर, सव्वीस वर्षांत तुमचा एकही रिपोर्ट नाही."

"म्हणजे सव्वीस वर्षांत काही झालं नाही असं नाही ना डॉक्टर."

ते खुर्चीत मागे टेकले. पाकीट पुन्हा उचलून, दिव्याखाली धरून ते बारीक अक्षर वाचलं. बराच वेळ लागला त्यांना. मग म्हणाले, "खरेदीच्या कागदावर सही माझी आहे. मी पण हे वाचलं नव्हतं. दोघांची नावं लिहा."

मी लिहिला. दीड पान झालं. इतकं स्वतःबद्दल मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

तिथून मी काकींकडे गेले. त्या काकांना पेज भरवत होत्या. माफी मागायची हे ठरवून गेले होते, पण पांढरा युनिफॉर्म घातलेल्या माणसाला ते अवघड जातं, का ते माहीत नाही.

"काकी, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं. तुमच्यामुळेच सापडलं."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "माका वायट वाटला," त्या म्हणाल्या. "पण तुमका तरी काय म्हणाचा. मी पण दीड महिनो माझ्याच हातार संशय घेय होतंय."

"ती नळी खंयची चुकली?" काकांनी विचारलं. मास्क निघाला होता, नाकात बारीक नळी होती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सेट, वीस, पंधरा, तीन, चार. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे ड्रायव्हर बरोबर, गाडी बरोबर, टाइमटेबल जुन्या रस्त्याचा," ते म्हणाले.

"तसंच."

"मगे बदला टाइमटेबल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची छाती मोकळी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला बांगडे घेऊन यायला सांगितलं आणि डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर रुसले. चौथ्या दिवशी घरी गेले. दोन नंबरच्या बाईचं पोटॅशियम व्यवस्थित झालं, तीही गेली. तिला आम्ही झालेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माका काय कळला नाय, पण सांगितल्यात ता बरा केल्यात."

न उघडलेले बॉक्स परबभाऊंनी सप्लायरला परत पाठवले. आता खरेदीच्या ऑर्डरवर 'वीस थेंबांचाच सेट' असं लिहून जातं, आणि माल आला की परबभाऊ स्वतः पाकीट वाचतात. एकदा त्यांनी अख्खी गाडी दारातून परत पाठवली. डॉक्टर सगळ्या सलाईनच्या ऑर्डर तासाला किती एमएल अशाच लिहितात. पोटॅशियमची बाटली पंप मोकळा असल्याशिवाय लावायची नाही, आणि नसेल तर एक सिस्टर दर पंधरा मिनिटांनी थेंब नव्हे, बाटलीतलं पाणी बघते. थेंब बरोबर असले तरी पाणी वेगळं सांगू शकतं, हे आम्हाला कळलं आहे.

फोडलेल्या बॉक्समधले सेट मी शिकवायला ठेवले. नवी मुलगी रुजू झाली की मी तिला सूत्र देत नाही. दोन सेट, दोन सिरिंज आणि घड्याळ देते आणि विचारते, वीस थेंब म्हणजे किती? तिने मोजून सांगायचं, आणि मग तीन की चार ते तिने काढायचं. पूर्वी जे दोन मिनिटांत व्हायचं त्याला आता पाऊण तास जातो. मुली कुरकुरतात. एक जण म्हणाली, मॅडम, सरळ सांगा ना. तन्वी तिथेच होती. ती म्हणाली, नाही सांगणार त्या.

मला यातून जे कळलं ते फार मोठं नाही. उत्तर चुकलं की आपण आधी माणसांकडे बघतो. कोणी हात लावला, कोण झोपलं, कोणाला घाई होती. मापाकडे सगळ्यात शेवटी बघतो. माणूस तरी रुसतो, उलटून बोलतो. माप गप्प बसतं, म्हणून त्याला विचारायचं राहून जातं.